खुनी कोण, हे गटाला ठरवू देऊ नका

प्रश्न : चार वर्षांपासून मी एक रहस्य कादंबरी लिहिते आहे. एका जुन्या ग्रंथालयात ग्रंथपालांचा खून होतो, अशी कथा. आराखडा सव्वीस प्रकरणांचा आहे, लिहून झाली आहेत नऊ. दोन वर्षांपूर्वी एका लेखनगटात सामील झाले. आम्ही सात जण दर पंधरा दिवसांनी भेटतो, एकमेकांची प्रकरणं वाचतो. गटानं मला खूप दिलं, पण तेव्हापासून कादंबरी जागची हललेली नाही. पहिली तीन प्रकरणं मी अकरा वेळा लिहिली. दोनदा गटात कुणीतरी खुनी ओळखला, म्हणून मी खुनीच बदलला. एक ज्येष्ठ सदस्य दर वेळी म्हणतात, ‘तुमची भाषा चांगली आहे, हा रहस्याचा नाद सोडा, काहीतरी गंभीर लिहा.’ आणि माझ्याबरोबरच गटात आलेल्या मैत्रिणीची कादंबरी आता छापून येते आहे. तिचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन रडले. गट सोडू का? की लिहिणंच सोडू? दुसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद सोबत पाठवते आहे.
– अकराव्या खर्ड्यात अडकलेली

उत्तर :

आधी खुनी परत आणा. दोनदा बदलण्यापूर्वी जो होता, तो. गट, मैत्रीण, गंभीर साहित्य, सगळ्यावर बोलू या, पण हे काम आज रात्रीच करा.

शेवटच्या प्रकरणात एक नाव जाहीर करायचं, एवढंच खुन्याचं काम नसतं. कोण कुठे खोटं बोलतं, कुणाला मागचा जिना माहीत आहे, कुठल्या प्रश्नाला कोण अर्धा क्षण उशिरा उत्तर देतं, हे पहिल्या पानापासून त्याच्यावरून ठरत असतं. तो बदलला की नऊच्या नऊ प्रकरणांतली प्रत्येक हालचाल सैल पडते. मग तुम्ही पहिली तीन प्रकरणं पुन्हा लिहायला बसता आणि तुमचा समज होतो की आपल्याला लिहिता येत नाही. तुम्हाला लिहिता येतं. तुम्ही पाठवलेला परिच्छेद मी चार वेळा वाचला आहे, त्यावर पुढे येतेच. इमारतीचा पाया दोनदा हलवला तर भिंतींना तडे जाणारच, त्यात गवंड्याचा हात वाईट नसतो.

आता गटानं खुनी ओळखला, त्याबद्दल. त्यांनी तो कसा ओळखला ते बघा. एक प्रकरण वाचलं, पंधरा दिवस डोक्यात घोळवलं, मग सात जणांनी एकत्र बसून तासभर चर्चा केली. जगातलं कुठलं रहस्य या माऱ्यापुढे टिकेल? तुमचा खरा वाचक असा वाचणार नाही. तो रात्री पांघरुणात पुस्तक घेऊन पडेल, ‘एवढं प्रकरण संपवून झोपतो’ म्हणेल आणि पुढचं उघडेल. दुसऱ्या प्रकरणात त्याला आलेली शंका चौथ्यापर्यंत पुसट होईल, सातव्यात तुम्ही त्याला भलतीकडे नेलेलं असेल. रहस्यकथा वेगावर उभी असते. थेंबाथेंबानं वाचली तर तिची सगळी जोडकामं उघडी दिसतात. गटाची यात काही चूक नाही. तुम्ही त्यांना असं काम दिलंत, जे त्या पद्धतीनं होण्यासारखंच नव्हतं.

शिवाय सहा वाचकांपैकी एकदोघांनी खुनी ओळखणं हा दोषही नाही. रोनाल्ड नॉक्स या लेखक-धर्मगुरूनं 1929मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातले काही आज वाचवत नाहीत, पण एक पक्का आहे : गुप्तहेराला जे धागेदोरे सापडतील ते वाचकापासून लपवायचे नाहीत. हा नियम पाळायचा तर कुणीतरी बरोबर ओळखणार, हे धरूनच चालायला हवं. ज्याला ओळखता आलं नाही, त्यानंही शेवटी मागची पानं उलटून ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं म्हणायला हवं. ओळखणारा एकही नसावा म्हणून खुनी बदलत राहिलात, तर शेवटी ज्याच्याविरुद्ध एकही पुरावा नाही असा माणूस तुमच्या हाती उरेल. तो कुणालाच ओळखता येणार नाही आणि वाचक पुस्तक रागानं मिटेल.

हे सगळं मी ज्यासाठी सांगते आहे, ते आता सांगते. एका वाचकाकडून पहिलं वाचन एकदाच मिळतं. प्रेमकथा दुसऱ्यांदा वाचताना आणखी गोड लागू शकते. रहस्याचं तसं होत नाही. ज्यानं तुमचं तिसरं प्रकरण अकरा रूपांत वाचलं, ज्याला तीन वेगवेगळे खुनी माहीत आहेत, त्याच्याकडून ‘मला धक्का बसला का?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आता कधीच मिळणार नाही. तुमच्याकडे असे सहा चांगले, मनापासून वाचणारे वाचक होते. त्यांचं पहिलं वाचन तुम्ही अपुऱ्या पुस्तकावर खर्चून टाकलंत. म्हणून गट सोडू नका, पण या कादंबरीचं एकही पान यापुढे गटात नेऊ नका. सव्वीसावं प्रकरण लिहून होईपर्यंत.

अगाथा ख्रिस्तींची पहिली रहस्य कादंबरी पहिल्या महायुद्धाच्या काळातली आहे. त्या तेव्हा रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या. कादंबरीतल्या विषाची सगळी माहिती तिथली. आणि त्या निम्म्यावर अडकल्या, अगदी तुमच्यासारख्या. तेव्हा त्यांच्या आईनं सुचवलं की सुट्टीच्या पंधरवड्यात एकटी कुठेतरी जा आणि संपव. त्या डार्टमूरच्या माळरानावरच्या एका हॉटेलात जाऊन राहिल्या. सकाळी हात दुखेपर्यंत लिहायचं, दुपारी माळावर लांब फिरायला जायचं, चालता चालता पात्रांचे संवाद स्वतःशी मोठ्यानं म्हणायचे. उरलेली कादंबरी तिथे झाली. नंतर अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. अखेर एकानं घेतली, आणि ती 1920मध्ये छापून आली. घेताना त्या प्रकाशकानं एकच मोठी हरकत काढली. शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर न्यायालयात साक्ष देता देता सगळा उलगडा करत होता, आणि न्यायालयात असं कुणी बोलू देत नाही. ख्रिस्तींनी प्रसंग न्यायालयातून दिवाणखान्यात आणला. खुनी तोच, पुरावे तेच, उकल तीच. जागा बदलली.

हा शेवटचा तपशील कागदावर लिहून टेबलासमोर लावा, असं मी तुम्हाला आग्रहानं सांगेन. प्रकाशकाला कुठे दुखतंय ते बरोबर कळलं होतं, आणि लेखिकेनं औषध तेवढ्याच जागी लावलं. तुमच्या गटात नेमकं उलटं होतं आहे. कुणीतरी म्हणतं ‘इथं खुनी कळला’, आणि तुम्ही पेशंटच बदलता.

वाचक दुखणं सांगतो तेव्हा त्याचं ऐकावं. ‘इथं मी कंटाळलो’, ‘या बाईचं बोलणं मला खोटं वाटलं’, ‘हा माणूस खोलीत कधी आला ते कळलं नाही’. यावर वाद घालू नये. तो कंटाळला असेल तर कंटाळला. पण तोच वाचक उपाय सांगायला लागला की सावध व्हा. ‘तिला एक भाऊ दाखवा’, ‘सुरुवात पाठलागानं करा’ असं म्हणताना तो स्वतःची कादंबरी लिहीत असतो, तुमच्या कागदावर. माझी दुसरी कादंबरी अशीच गेली. चौघांनी दिलेल्या चार सूचना मी चारही मानल्या, कारण चौघेही माझ्याहून जास्त वाचलेले होते. आठ महिन्यांनी हातात जे हस्तलिखित होतं त्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि ते पुढे वाचावं असं मलाही वाटत नव्हतं. ते आजही कपाटात आहे. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीनं सांगते आहे.

गटानं कसं वाचावं यावर विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी बराच विचार केला आहे. अमेरिकेतल्या मिलफर्ड गावी 1956पासून लेखकांच्या बैठका सुरू झाल्या आणि त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. गोल करून बसायचं. एकेकानं आळीपाळीनं बोलायचं. ज्याचं लिखाण आहे त्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, शेवटी त्याची पाळी. ऐकायला कठोर वाटतं, पण लेखक गप्प राहिला की एक महत्त्वाची गोष्ट कळते : त्याचं म्हणणं कागदावर उतरलं आहे की अजून डोक्यातच आहे. तुमच्या गटात तुम्ही मधेमधे खुलासे देत असाल, तर ते थांबवा. पुस्तक छापल्यावर प्रत्येक वाचकाशेजारी बसून खुलासा करता येणार नाही. एक बाब लक्षात घ्या, अशा बैठकांत बहुतेक वेळा पूर्ण लिहून झालेलं काम वाचलं जातं. सव्वीसातली नऊ प्रकरणं या पद्धतीसाठी नाहीत.

आता तुमचा परिच्छेद. मूळ असा आहे :

‘दाराजवळ ग्रंथपालांची छत्री उभी होती. इन्स्पेक्टरनं तिला हात लावला. ती पूर्ण कोरडी होती. बाहेर मात्र दुपारपासून पाऊस कोसळत होता.’

गट म्हणाला, इथंच सगळं कळलं. अगदी बरोबर, दुखणं इथंच आहे. ग्रंथपाल संध्याकाळी बाहेर जाऊन आले असं जो सांगतो तो खोटं बोलतोय, हे चार वाक्यांत उघडं पडतं. का पडतं ते बघा. छत्री एकटी आहे. तिच्याकडे जाणारा एकच माणूस, लागणारा एकच हात, आणि लगेच पुढे ‘मात्र’. या ‘मात्र’मुळे वाचकाच्या खांद्यावर थाप पडते. चार वाक्यं, चारही छत्रीबद्दल. त्याला दुसरीकडे बघायला तुम्ही काही दिलंच नाहीत.

त्यावर तुम्ही काय केलंत? खोटं बोलणारा माणूस बदललात. मी असं करून बघेन :

‘टेबलावर पुस्तकांच्या याद्या, उघडा चष्मा, आडवी टाकलेली छत्री. छत्रीखाली दाबलेले दोन कागद इन्स्पेक्टरनं ओढून काढले आणि खिडकीशी नेले. पावसानं उजेड मंद झाला होता. निळ्या शाईतलं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. “हे कुणाचं?” त्यानं विचारलं. कुणीच बोललं नाही.’

इथं वाचकाला सगळं दिलेलं आहे. पाऊस आहे, छत्री आहे, आणि छत्रीखाली शाईनं लिहिलेले कागद आहेत, ज्यांवरचं अक्षर स्पष्ट वाचता येतं. ओली छत्री कागदांवर टाकली असती तर शाई फुटली असती, अक्षर कुणाचं हे विचारायची वेळच आली नसती. ‘कोरडी’ हा शब्द कुठेही नाही. छत्री यादीत तिसरी येते, आणि पुढच्याच क्षणी वाचकाला त्याहून मोठा प्रश्न मिळतो : अक्षर कुणाचं? तो त्या प्रश्नामागे धावतो. एकविसाव्या प्रकरणात तुमचा इन्स्पेक्टर म्हणेल, ‘शाई फुटली नव्हती’, तेव्हा वाचक दुसऱ्या प्रकरणाकडे परत जाईल आणि तुम्ही फसवलं नाहीत हे त्याला दिसेल.

फक्त त्या अक्षरालाही कादंबरीत स्वतःचं उत्तर हवं. निव्वळ लक्ष वळवायला टाकलेला आणि पुढे विसरून गेलेला चकवा वाचक माफ करत नाही. अक्षर एखाद्या निरपराध माणसाचं असेल, तर त्याला गप्प राहायला त्याचं स्वतःचं, खुनाशी संबंध नसलेलं कारण द्या. चांगल्या रहस्यकथेत प्रत्येक संशयित काहीतरी लपवतो, त्यातला एकच जण खून लपवत असतो.

हे करायचं तर एक कंटाळवाणं पण फार उपयोगी काम आहे. मोठ्या कागदावर दोन उभे रकाने करा. डावीकडे त्या संध्याकाळी खरोखर काय घडलं, मिनिटामिनिटानं, खुन्याच्या बाजूनं. उजवीकडे प्रकरणवार, वाचकाला काय कळलं आणि कुठल्या रूपात कळलं. डावीकडची प्रत्येक महत्त्वाची ओळ उजवीकडे कुठेतरी उतरली आहे का, ते बघा. एकही ओळ थेट शेवटच्या प्रकरणात उतरत असेल, तर तिथे तुम्ही वाचकाला फसवताय. हा कागद भिंतीवर लागला की उरलेली सतरा प्रकरणं लिहिताना घाबरायला होत नाही. नवव्या प्रकरणापर्यंत जे आहे ते तसंच ठेवा. मागे जाऊन एक स्वल्पविरामही दुरुस्त करायचा नाही. मधे काही सुचलं तर वेगळ्या वहीत ‘प्रकरण 4 : किल्लीचा उल्लेख आधी हवा’ एवढं लिहा आणि पुढे चला. दहावं प्रकरण वाईट होईल. होऊ द्या, पूर्ण खर्डा हातात असेल तेव्हाच ते नीट दुरुस्त करता येतं.

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांबद्दल थोडक्यात. ते वाईट नसावेत, तुमची भाषा त्यांना आवडते. पण ज्याला एखादा प्रकारच आवडत नाही, त्याचा त्या प्रकाराबद्दलचा सल्ला घेऊ नये. एका माणसानं दुसऱ्याला का मारलं, आणि बाकीच्यांनी काय पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, याहून गंभीर विषय मला माहीत नाही. त्यांचं भाषेबद्दलचं मत घ्या, ते मोलाचं असेल. बाकीच्या वेळी नम्रपणे मान हलवा.

आणि मैत्रीण. तुम्ही रडलात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जे आपल्याला मनापासून हवं असतं, ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला मिळालं की पोटात तुटतंच. पण लेखनातलं पुढे-मागे हे फार फसवं असतं. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर 1970मध्ये क्लॅरियन या विज्ञानकथांच्या निवासी कार्यशाळेत गेल्या. तिथे असतानाच त्यांच्या दोन कथा विकल्या गेल्या. आता मार्ग मोकळा झाला असं कुणालाही वाटलं असतं. त्यानंतर जवळपास पाच वर्षं त्यांची एकही कथा विकली गेली नाही. मिळेल ती कामं करत, पहाटे दोनला उठून त्या लिहीत राहिल्या. पहिली कादंबरी आली 1976मध्ये. पुढे 1995मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली, ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथा लेखिका. आता मधल्या वर्षांत, समजा 1973मध्ये, त्यांच्या बरोबरीच्या एखाद्याचं पुस्तक आलं असतं आणि त्या रात्री त्यांनी हिशेब मांडला असता, तर तो किती चुकला असता!

मैत्रिणीचं पुस्तक वाचा. गटातली वाचक म्हणून नको, तिथे तुम्ही ते तुकड्यांत पाहिलेलं आहे. आता सलग वाचा आणि तिला दोन पानी पत्र लिहा : कुठलं वाक्य लक्षात राहिलं, कुठल्या पात्राची काळजी वाटली, कुठे थांबावंसं वाटलं नाही. छापून आलेल्या लेखकाकडे अभिनंदनं भरपूर येतात, असं वाचणारं माणूस क्वचित मिळतं. तिलाही या दिवसांत भीती वाटत असणार. आणि शक्य झालं तर तिला सांगा की तुम्हाला हेवा वाटला. तुमची मैत्री दोन वर्षांच्या कच्च्या खर्ड्यांवर उभी आहे, ती एवढं पेलेल.

गटात मात्र जात राहा, एकही बैठक चुकवू नका. फक्त काही महिने दुसऱ्यांचं वाचायला जा. दुसऱ्याच्या प्रकरणात आपल्याला कंटाळा कुठे आला हे शोधून, कारणासकट, त्याला न दुखावता सांगायचं, याच्याइतकी चांगली तालीम लेखकाला मिळत नाही. दुसऱ्याच्या कथेतली एकटी पडलेली छत्री आपल्याला लगेच दिसते. तशा पाचपन्नास पाहिल्या की स्वतःचीही दिसायला लागते. गटाला साधेपणानं सांगा, ‘कादंबरी पूर्ण होईपर्यंत मी तिचं काही आणणार नाही, पण तुमचं सगळं वाचेन.’ चांगला गट असेल तर आनंदानं हो म्हणेल. लिहिणाऱ्यांना एकमेकांची सोबत लागतेच. लंडनमधल्या रहस्य लेखकांनी 1930मध्ये डिटेक्शन क्लब काढला, एकत्र जेवायचे, वाचकाशी प्रामाणिक राहण्याची शपथ घ्यायचे. माळरानावर एकटीनं कादंबरी संपवणाऱ्या ख्रिस्ती पुढे त्याच क्लबच्या अध्यक्षा झाल्या. एकटीनं लिहायचे दिवस आणि सोबतीचे दिवस वेगळे ठेवता येतात.

पूर्ण झाल्यावर नवे वाचक शोधा. गटाबाहेरचे तीन-चार, ज्यांना रहस्यकथा आवडतात आणि ज्यांनी तुमचं एक अक्षरही पाहिलेलं नाही. सगळ्यांना एकदम देऊ नका. आधी दोघांना द्या, दुरुस्ती करा, मग उरलेल्यांना. म्हणजे दुसऱ्या खर्ड्यासाठीही पहिलं वाचन शिल्लक राहील. त्यांना एकच काम सांगा : ज्या पानावर एखाद्याचा संशय येईल, तिथे पेन्सिलनं त्याचं नाव लिहा, आणि संशय बदलला की नवं नाव. सूचना नकोत, उपाय नकोत. ती पेन्सिलीची नावं दोन रकान्यांच्या कागदाशेजारी ठेवलीत की कुठे काय दुरुस्त करायचं ते तुम्हालाच दिसेल.

आणि मलाही पाठवा. मी फक्त एकच परिच्छेद वाचला आहे, म्हणजे माझं पहिलं वाचन अजून जवळजवळ शाबूत आहे. शेवटचं प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पंचविसाव्यापर्यंत वाचून मी खुन्याचं नाव तुम्हाला कळवेन, त्यानंतरच ती फाइल पाठवा.